अनुभव धागा: परदेशात गेल्यावर तुमचं इंग्रजी कुठे अडलं?

चादरवाली:
सध्या माहेरी, सोलापुरात आहे. भाचा आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतोय. मघाशी शेजारच्या खोलीतून लिसनिंगचा आवाज आला, की हे एकदाच ऐकवलं जाईल. माझी भाकरी तव्यावर तशीच राहिली. कॅनडात ब्रॅम्प्टनला पहिल्या वर्षी सगळंच एकदा ऐकवलं जायचं. बसवाला, दुकानदार, लेकाची टीचर. 'पार्डन' तरी किती वेळा म्हणणार?

२००९ साली इथली गड्ड्याची जत्रा चालू असताना विमानात बसले होते. पीआरवाल्यांना, म्हणजे कायम राहायची परवानगी असलेल्यांना, तिकडे लिंकचे इंग्रजी वर्ग फुकट असतात, आधी पातळी तपासतात. माझी वाचनात ६, बोलण्यात ३! टेन्सचे तक्ते तोंडपाठ, पण तोंड उघडेल तर ना.

एकदा बाई म्हणाल्या, घरातली एक वस्तू आणा आणि तिच्याबद्दल बोला. मी चादर नेली. वडील चादरीच्या मागावर कामाला होते, म्हणून ती कशी विणतात तेच सांगायचं ठरवलं. शब्द सुचेनात, मग कारखान्यातलेच ठोकून दिले. बीम, बॉबिन, जॅकार्ड. बाई मान डोलवत फळ्यावर लिहीत गेल्या. तोवर मी बॉबिन हा मराठी शब्द समजत होते हो! दोन्ही बाजूंनी नक्षी दिसते हे दाखवायला चादर उलटी केली, तर एक सोमाली आजी उठून आली आणि नखाने धागा उचलून बघायला लागली. आम्ही दोघी त्या धाग्यावर बराच वेळ बोललो. कुठल्या भाषेत ते विचारू नका.

तुमचंही येऊ द्या.

सातरस्ता:
इंग्लंड, लीड्स. रोज सकाळी ऑफिसात 'यू ऑलराइट?' मला वाटायचं तोंड उतरलेलं दिसतंय. एकाला बसून पित्ताचा त्रास सविस्तर सांगितला. बिचारा कोट हातात घेऊन उभा. तीन महिन्यांनी कळलं, ते नुसतं आपलं सोलापुरी 'काय बे' आहे.

खमंग_शेंगा:
😂😂 'काय बे'!! हेच आधी सांगायला पाहिजे सगळ्यांना

पूर्वभाग:
आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात कन्नड. चौथी भाषा काय अवघड, म्हणून न्यू जर्सीला गेलो. बँकेच्या फोनवर बाई म्हणाली नावाचं स्पेलिंग सांगा. म्हटलं, एस फॉर सिद्धेश्वर. ती म्हणाली, आता सिद्धेश्वरचं सांगा.

मेलबर्नची_सून:
ह्यांच्या ऑफिसातल्या एकीने घरी बोलावलं, 'ब्रिंग अ प्लेट' म्हणाली. मला वाटलं बिचारीकडे भांडी कमी आहेत. सासूबाईंचं नाव घातलेल्या सहा स्टीलच्या ताटल्या घासूनपुसून नेल्या. प्लेट म्हणजे काहीतरी खायला करून आणायचं असतं इकडे! तिने एका शब्दाने हसू न दाखवता त्यातच केक वाढला. घरी आल्यावर मात्र मी रडले, अजून आठवतं.
इथे एएमईपीचे इंग्रजी वर्ग आहेत सरकारी. पूर्वी ५१० तासांची मर्यादा होती, २०२१ मध्ये काढली. माझे तास त्याआधीच बाळंतपणात गेले.

सातरस्ता:
@मेलबर्नची_सून ताई, आम्हीही एकदा 'टी'ला बोलावलं म्हणून घरून पोटभर जेवून गेलो होतो. समोर अख्खं जेवण!

आयमोकळी:
भाच्याला कुठला क्लास लावलाय? माझी मुलगीही बसतेय. जनरल की अ‍ॅकॅडमिक?

चादरवाली:
शिकायला जातोय, म्हणून अ‍ॅकॅडमिक. पीआरसाठी असेल तर जनरल. लिसनिंग, स्पीकिंग दोन्हीकडे सारखंच. निकाल दोनच वर्षं चालतो, फार आधी देऊन ठेवू नका. क्लासचं व्यनित (खासगी निरोपात) सांगते.

खमंग_शेंगा:
अवांतर: शेंगा चटणी चेक-इन बॅगेत टाकावी की हातात? मागच्या वेळी तेल सुटून जावयाचा शर्ट गेला

पूर्वभाग:
कोरडी कुटून घ्या, दोन पिशव्यांत. आणि तिकडे उतरल्यावर फॉर्मवर लिहा, लपवू नका. विमानतळावरचं हुंगणारं कुत्रं बरोबर आमच्याच बॅगेपाशी बसलं होतं.

आयमोकळी:
आणि त्या तव्यावरच्या भाकरीचं काय झालं?

चादरवाली:
करपली. कडक भाकरी म्हणून भाच्याला वाढली.