दोघांना शेवटच्या रांगेतून उठवून पुढे बसवलं. एवढ्यानं विमानाला काय फरक पडतो?

पेडणेकार: परवा गोव्याच्या मोपा विमानतळावरून एटीआरनं, त्या छोट्या पंख्याच्या विमानानं, निघालो. विमान अर्धंही भरलं नव्हतं. बायकोला खिडकी हवी म्हणून आम्ही आपले शेवटच्या रांगेत जाऊन बसलो, तर 'बॅलन्स'साठी पुन्हा पुढे पाठवलं. कदंबाच्या बसमध्ये कंडक्टर कधी असं उठवत नाही! २० टनांच्या धुडाला आम्हां दोघांचं कसलं ओझं?

वास्कोचा लोडवाला: दाबोळी विमानतळावर लोड अँड ट्रिम शीट, म्हणजे विमानात कुठलं वजन कुठे याचा कागद, भरण्यातच माझी अख्खी नोकरी झाली, म्हणून सांगतो. वजन किती, याहून ते कुठे बसलंय हे महत्त्वाचं. आमच्या हिशेबात मोठा माणूस म्हणजे ७५ किलो, मग पैलवान असो की काडी. दोघांचे १५०. पहिल्या रांगेपासून शेवटची धरा १२ मीटर. १५० गुणिले १२, भागिले २०,०००. म्हणजे अख्ख्या विमानाचा गुरुत्वमध्य ९ सेंटिमीटर मागे! एटीआरला मुभा साधारण अर्ध्या मीटरची. तुमचं बघून आणखी चौघे उठले की निम्मी खलास.

मागे जड झालेलं विमान वाईट. जरा ओढलं की नाक वर, आणि स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल तुटली, तर नाक खाली यायला तयार नाही. पुढे जड असलं तर निदान सरळ तरी चालतं. पण शेपटीला जास्त खाली दाबावं लागतं, तो दाब पंखांनाच पेलावा लागतो, मग ज्या वेगाखाली स्टॉल होतो तो वेगही वाढतो आणि इंधनही.

एटीआरला चढायचं दार मागे. सगळे तिथेच गोळा होतात, म्हणून शेपटीखाली टेकू लावतात. पुढच्या खेपेला वाकून बघा.

म्हापशाचा शिकाऊ: काका, अगदी बरोबर. सेसना १७२ या चार जणांच्या शिकाऊ विमानात आम्ही दोघेच पुढे असलो की उतरताना नाक उचलायला चांगलंच ओढावं लागतं. मागे दोघे बसले की तेच कंट्रोल हलकं. एकूण वजनाचंही आहेच, २१ टक्के वाढलं तर स्टॉलचा वेग १० टक्के वाढतो.

पेडणेकार: मग माझ्या मानकुराद आंब्याच्या पेट्या?

वास्कोचा लोडवाला: त्या पुढच्या होल्डात, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, की मागच्या, ते शीट ठरवते. पेट्या बऱ्या, खिडकी मागत नाहीत. पण सुटता कामा नयेत. २०१३ साली अफगाणिस्तानातल्या बग्रामहून उडालेल्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात चिलखती गाडी सुटून मागे गेली, शेपटीकडची यंत्रणाच मोडली, विमान चढता चढता कोसळलं. होल्डात जाळी ताणतात ती त्याचसाठी.