नाताळचा खेकडा आणि बडोद्याचे सोडे

विषय: नाताळचं जेवण

नमस्कार मंडळी,

२५ तारखेच्या आपल्या तिकिटाच्या जेवणाचं आता नक्की करायला हवं. इथल्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूच्या खेकड्याच्या बोटी नाताळच्या आत निघणार नाहीत असं दिसतंय. बाहेरगावचा गोठवलेला खेकडा मिळतोय, पासष्ट जणांना पुरेल इतका. कुणाची हरकत नसेल तर आज पैसे भरतो. काकू, तुम्ही सध्या बडोद्यात आहात, पण मसाल्याचं प्रमाण तुम्हीच कळवा.

---

विषय: पुन्हा: नाताळचं जेवण

अरे, माझी हरकत आहे. म्हणून अंघोळीच्या आधीच लिहायला बसले.

दांडिया बाजारातल्या या घरात ताजी चिंबोरी यायची ती फक्त मामा आला की. गुजरात मेल पहाटे बडोद्याला लागायची आणि तो ओलं गोणपाट घेऊन दारात उभा. नांग्या सुतळीने बांधलेल्या. दुपारपर्यंत न्हाणीघरात खरखर चालायची, आम्हा मुलांना तिकडे जायची बंदी. आजी एकेक हातावर तोलून बघायची. दिसायला मोठी पण हाताला हलकी लागली की बाजूला ठेवायची, "ही नुकती कात टाकलेली, आत पाणीच." अमावास्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ, हा तिचा हिशेब. म्हणून मामाला ती तिथी बघून ये म्हणायची आणि तोही बघून यायचा.

तुमच्या तिकडच्या डंजनेस जातीच्या खेकड्याचं मला म्हणूनच अप्रूप वाटतं. तिथली माणसंसुद्धा वाट बघतात. बोटींना फक्त नर ठेवता येतो, तोही कवच सव्वासहा इंच रुंद असेल तरच. माद्या परत पाण्यात. आपल्याला मादीतली ती केशरी लाख, म्हणजे अंडी, तिकडे बाजारात मिळत नाही, त्याचं कारण हे. पहिल्यांदा मी मासळीवाल्याशी त्यावरून वाद घातला होता. त्याने शांतपणे समजावलं, ते आजही आठवतं.

२०१५ च्या नाताळात मी तिकडेच लेकीकडे होते. समुद्रात विषारी शैवाल माजलं, त्यातलं डोमोइक आम्ल खेकड्यांत उतरलं आणि बोटी निघाल्या त्या थेट मार्च २०१६ मध्ये. शेजारच्या इटालियन आजीबाई दरवर्षी नाताळच्या आदल्या रात्री चोपीनो करतात, टोमॅटोच्या रश्शात खेकडा आणि शिंपले. त्यांच्याकडचे जुने लोक जिनोव्हाच्या किनाऱ्यावरून आलेले कोळी. मी म्हटलं, बाहेरचा खेकडा आणून करा की. त्या म्हणाल्या, मग तो आमचा कसा होईल? त्या रात्री त्यांनी रॅव्हिओली केली आणि आम्हालाही वाढली.

२०२२, २०२३, २०२४, तिन्ही वर्षं तिथल्या बोटी नाताळ उलटल्यावरच निघाल्या. पिंजऱ्याचा दोर तळापासून वर तरंगत्या बोयापर्यंत उभा असतो, त्यात हंपबॅक देवमासे गुरफटतात. ते दक्षिणेला जाईपर्यंत थांबायचं. ऐन सणाच्या कमाईवर पाणी सोडून ते कोळी किनाऱ्यावर बसतात, आणि आपण त्याच गावात बाहेरचा खोका फोडायचा? मला हे पटत नाही.

खेकडा नसेल तर सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी करा. समुद्र लांब असलेल्या आपल्या गावाची तीच तर मिजास. आमच्या कायस्थ घरांत उन्हाळ्यात कोकणातून सोडे आले की वर्षाची बेगमी व्हायची. बरणीचं झाकण उघडलं की वास जिन्यापर्यंत. लेकीच्या फ्रीजरमध्ये किलोभर आहेत, ते घ्या.

---

विषय: पुन्हा: पुन्हा: नाताळचं जेवण

वहिनींना अनुमोदन. फक्त एक सांगतो, बंद आहेत त्या धंद्याच्या बोटी आणि पिंजरे. हौशी माणसाला परवाना काढून हूप नेटने, म्हणजे कड्याला लावलेल्या जाळ्याने, खेकडा धरता येतो, माणशी दिवसाला दहा. मी आणि मुलगा शनिवारी हाफ मून बेहून निघतोय. जाळं दोन तासांच्या आत वर ओढावंच लागतं, त्यामुळे दिवसभर हात दुखणार, पण वीस मिळाले तर मिळाले. हे विकता येत नाहीत, तेव्हा तिकिटाच्या जेवणात धरू नका. माझ्याकडून पंगतीला.

---

विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: नाताळचं जेवण

भावजी, वा! वीस मिळाले तर पासष्ट जणांना रस्सा आरामात होईल. बारीक पाय वाटून, पाणी घालून, फडक्यातून गाळून घ्या. सगळी चव त्या पाण्यात आहे. नांग्यांना वरवंट्याचा एकच ठोका, कवचाचा चुरा रश्शात उतरता कामा नये. हा खेकडा चिंबोरीपेक्षा गोड, म्हणून भाजलेलं खोबरं निम्मं आणि गरम मसाला अगदी चिमूटभर. आमसुलं शेवटी. कवचातला पिवळा गर मात्र काढून टाका. ते शैवालाचं विष साठतं ते मुख्यतः तिथेच. खिचडीही होऊ द्या, खेकडा न खाणारे निदान चौघं आहेत.

आणि दोन खेकडे जिवंतच, ओल्या फडक्यात गुंडाळून, आदल्या दिवशी लेकीच्या शेजारी द्या. शिजवलेले नकोत. चोपीनो त्या स्वतः करतील.