नवे स्वयंपाकघर : निवड आणि खर्च यांचे अनुभव

माजघर

माझ्या भाचीने पुण्यात घर घेतले आहे आणि स्वयंपाकघरासाठी आलेली तीन दरपत्रके तिने काल मला पाठवली. ओटा तोच, भिंती त्याच, तरी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत दुपटीहून अधिक फरक आहे. ती वाचताना सांगलीच्या आमच्या घरात पहिल्यांदा उभा ओटा बांधला, ते दिवस आठवले. आजी आणि आई तोवर बसून स्वयंपाक करत. गवंड्याने माप घेण्याआधी आईला भिंतीशी उभे केले, कोपर दुमडायला सांगितले आणि त्याच्याखाली चार बोटे सोडून खडूने रेघ मारली. कडप्पा, दोन फळ्या आणि कोपऱ्यात मोरी, एवढ्यात सगळा हिशेब संपला. भाचीच्या कागदांवर ओळींमागून ओळी आहेत, पण स्वयंपाक कोण करणार हा प्रश्न तिला तिघांपैकी एकानेही विचारलेला नाही.

तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावर फरकाचे कारण कळले. एकाने कपाटांच्या दर्शनी भागाचे चौरस फूट मोजले आहेत. दुसऱ्याने पेट्या, दरवाजे, बिजागऱ्या आणि चॅनेल, म्हणजे खण ज्यांवर सरकतात त्या पट्ट्या, यांचे वेगवेगळे दर लावले आहेत. तिसऱ्याने ओट्याच्या लांबीवर रनिंग फुटाचा दर दिला असून त्यात ग्रॅनाइट, सिंक, नळ, चिमणी आणि १८ टक्के जीएसटी यांपैकी काहीच धरलेले नाही. म्हणजे सर्वांत स्वस्त दिसणारा आकडा खरोखर स्वस्त आहे की नाही, हे त्या कागदावरून ठरवताच येत नाही.

ज्यांनी हे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया लिहावे. पैसा कुठे घातला, तो कुठे सार्थकी लागला, आणि दरपत्रकात नसलेला कोणता खर्च मागून पुढे आला?

रानजाई

सिंकखालच्या जागेपासूनच सुरुवात करते. आमच्या ठाण्याच्या घरात बिल्डरने दिलेला ओटा कडप्प्याच्या उभ्या आधारांवर होता. आलेल्या प्रत्येकाने तो तोडून प्लायवुडच्या पेट्या बसवण्याचा आग्रह धरला. आम्ही तो ठेवला आणि आधारांच्या मधल्या जागेत स्टीलच्या ट्रॉल्या व पुढे लॅमिनेटचे दरवाजे एवढेच करून घेतले. दगडी आधारांमुळे आतली थोडी रुंदी जाते, ट्रॉल्या तयार मापात न मिळता करून घ्याव्या लागतात आणि ट्रॉली ओढल्यावर आतली बाजू पेट्यांइतकी देखणी दिसत नाही, हे खरे आहे. पण पुढे सिंकचा पाइप गळला तेव्हा खाली दगड आणि फरशी होती, त्यामुळे पुसून काम भागले. शेजारच्या घरात तशाच गळतीने पार्टिकल बोर्डाचा तळ फुगला आणि दरवाजा लागेनासा झाला.

तोडकाम, राडारोडा उचलणे, नवे ग्रॅनाइट आणि नव्या टाइल्स हे सगळे टळल्यामुळे आमचे काम सव्वा लाखाच्या आसपास झाले. संपूर्ण नव्या कामाचा आकडा आम्हाला साडेतीन लाखांच्या पुढे सांगितला होता.

करवत

माझा व्यवसाय प्लायवुडच्या विक्रीचा आहे, म्हणून रानजाईताईंच्या शेवटच्या उदाहरणाला धरून लिहितो. दरपत्रकात नुसते ‘वॉटरप्रूफ प्लाय’ असेल तर ते पुरेसे समजू नये. प्रत आणि मानक दोन्ही लिहून घ्यावीत. बीडब्ल्यूपी किंवा मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का, हे पाहतात. बाजारात ज्याला कमर्शियल म्हणतात ते एमआर प्रतीचे प्लाय आयएस ३०३ खाली येते. ते दमट हवा सोसते, साचलेले पाणी सोसत नाही. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीला येत नाही आणि त्यातले स्क्रू सैल होतात. एचडीएचएमआर हे त्याच जातीचे, ओल अधिक सोसणारे बोर्ड यांपेक्षा दाट असते व स्क्रूही बरा धरते, पण सिंकखाली मी तेही सुचवत नाही.

सगळीकडे सर्वांत महाग प्रत वापरण्याची गरज नसते. खालच्या पेट्या बीडब्ल्यूपीच्या कराव्यात आणि भिंतीवरची कपाटे, जिथे पाणी पोहोचत नाही, ती एमआर प्लाय किंवा एचडीएचएमआरची चालतात. प्रत्येक शीटवर आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो. शीट कापण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण पेट्या तयार होऊन आल्यावर आतले प्लाय कोणते आहे हे कोणालाही सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात. पेटीची दर्शनी कड पट्टीने छान बंद केलेली असते, पण मागची आणि तळाची कड तशीच उघडी राहते. ओल तिथूनच शिरते. चारही कडांना एज बँडिंग हवे, असे दरपत्रकातच लिहून घ्या.

कृष्णाकाठ

माजघर, तुमच्या आईच्या कोपराची रेघ वाचून अगदी भरून आले. आमच्याकडे हाच प्रश्न अवघड झाला होता. सासूबाईंची उंची ४ फूट १० इंच आणि माझी ५ फूट ६ इंच. तयार पेट्या साधारण ७२ सेंटिमीटर उंच, खाली १० सेंटिमीटरचे पाय आणि वर दगड, म्हणजे ओटा ३४ इंचांच्या आसपास जातो. त्या उंचीवर सासूबाईंना कुकरचे झाकण लावताना खांदे उचलावे लागत. शेवटी शेगडीचा भाग चार इंच खाली घेतला, कारण शेगडीची आणि भांड्याची उंची त्यात मिळवावीच लागते, आणि सिंकचा भाग वर ठेवला. पायरीच्या जागी दगडाची कड घडवण्याचा खर्च वेगळा आला आणि पेट्याही दोन उंचीच्या कराव्या लागल्या. तो खर्च आम्ही दरवाजांसाठी चकचकीत अ‍ॅक्रिलिकऐवजी साधे मॅट लॅमिनेट घेऊन भरून काढला. सासूबाई आता ८१ वर्षांच्या आहेत आणि सकाळचा चहा त्या स्वतः करतात.

मीठभाकर

कृष्णाकाठताई, हे फार मोलाचे लिहिलेत.

कुकर लावला आहे, तोवर साठवणीविषयी लिहिते. आराखडे दाखवणाऱ्यांच्या चित्रांत चार काचेच्या बरण्या आणि एक फळांची टोपली असते. आमच्या घरी उन्हाळ्यात वर्षाचे गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी, तिखट, मसाला आणि पापड-कुरडया भरल्या जातात. गव्हाची कोठी कुठल्याच ट्रॉलीत बसत नाही. म्हणून ओट्याच्या टोकाला दोन फूट जागा आम्ही पूर्ण मोकळी ठेवली, तिथे फक्त दरवाजा लावला आणि कोठ्या जमिनीवर ठेवल्या. तेवढ्या पेटीचे आणि चॅनेलचे पैसे वाचले. ज्या खणात डाळीचे भरलेले डबे किंवा पितळी पातेली राहणार असतील, तिथल्या चॅनेलवर किती किलो भार चालतो ते विचारून घ्यावे. चमच्यांच्या खणाला आणि डब्यांच्या खणाला एकच चॅनेल लावलेले मी एका नातेवाइकांकडे पाहिले आहे, आणि तो डब्यांचा खण आता उचलून ओढावा लागतो.

मांडवी

गोव्यात आणि कोकणात हिशेब थोडा वेगळा मांडावा लागतो. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि वाळवी यांचा विचार आधी, रंगाचा नंतर. आम्ही पणजीत प्लाय पूर्णपणे टाळून खालची चौकट अ‍ॅल्युमिनियमची केली. ट्रॉल्या मात्र ३०४ प्रतीच्या स्टीलच्या घेतल्या. या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ प्रत स्वस्त पडते, कारण तिच्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, आणि खाऱ्या हवेत तिच्यावर तांबूस डाग लवकर येतात. विक्रेते लोहचुंबक लावून दाखवतात, पण त्याने या दोन प्रतींतला फरक कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटतच नाही. बिलावर ३०४ असे लिहून घेणे हाच उपाय आहे.

मासळी साफ करण्यासाठी मागच्या पडवीत दगडी मोरी आहे ती ठेवली, त्यामुळे आतले सिंक लहान घेता आले. नारळ खवणायला मात्र उभ्या ओट्यावर सोय होत नाही. विळीसाठी जमिनीवर बसण्याची जागा सोडावी.

माइनकाठ

मी गेली काही वर्षे फ्रांकफुर्टला राहतो. जर्मनीत भाड्याची बरीच घरे स्वयंपाकघराशिवाय मिळतात, म्हणजे भिंती आणि नळाची जोडणी एवढेच असते. घर सोडताना लोक आपली कपाटे उचलून नेतात, नाहीतर नवा भाडेकरू आधीच्याला पैसे देऊन ती ठेवून घेतो. आम्ही दुसरा मार्ग घेतला. आधीच्या कुटुंबाची कपाटे तीन वर्षे जुनी होती, त्यांचे बिल पाहून रक्कम ठरवली आणि फक्त ओट्याचा वरचा भाग बदलला. फोडणीच्या धुरासाठी मात्र बाहेर हवा फेकणारी चिमणी लावता आली नाही. घरमालकाने भिंतीला भोक पाडण्याची परवानगी दिली नाही आणि कोळशाच्या फिल्टरवर भागवावे लागते. भाड्याच्या घरात पैसे घालताना ही परवानगी आधी विचारावी.

घरातच बसवून दिलेल्या, आखीव मापाच्या स्वयंपाकघराचा मोठा प्रयोगही याच शहरात झाला. १९२६ मध्ये मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी इथल्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले आणि तशी सुमारे १०,००० बसवली गेली. खोली जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. त्या वसाहती आखणारे वास्तुविशारद एर्न्स्ट माय यांच्या नावाच्या घरात त्याचा जतन केलेला नमुना आहे, तो आम्ही पाहून आलो. धान्यासाठी हाताने ओतता येतील असे अ‍ॅल्युमिनियमचे खण, पिठासाठी ओकचे, कारण त्यात कीड कमी लागते, आणि कापण्याची फळी बीचच्या लाकडाची. कुठला पदार्थ कशात ठेवायचा हे ठरवून मग सामग्री निवडलेली होती. मीठभाकर यांनी गव्हाच्या कोठीविषयी लिहिले, ते वाचून हे सांगावेसे वाटले.

वैनगंगा

दरपत्रकाबाहेरचा खर्च विचारलात, तर आमच्या नागपूरच्या घरात तो विजेवर आला. मिक्सर आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. पण २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर वीज घेते, म्हणून तिला आणि ओव्हन, डिशवॉशर यांना १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट लागतात. हे टाइल्स बसण्यापूर्वी झाले पाहिजे. आज डिशवॉशर घ्यायचा नसला तरी सिंकशेजारी पाण्याची जोडणी, निचऱ्याचा पाइप आणि वीज एवढी तयारी करून ठेवावी. तेव्हा ती थोडक्यात होते, नंतर दगड आणि टाइल फोडून करावी लागते.

चिमणी शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर उंचीवर असावी आणि धुराचा पाइप कमीत कमी वळणांनी बाहेर जावा. पाइपला जितकी वळणे अधिक तितकी ओढ कमी होते, मग यंत्र कितीही महाग असो. पाइपचा गॅस असेल तर मीटर किंवा नळी हलवण्याचे काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे, आणि ती नळी बंद कपाटात कोंडू नये.

पारिजात

सर्वांचे वाचून धीर आला, म्हणून लिहिते. आमच्या कंत्राटदाराने ९० टक्के रक्कम पेट्या येण्यापूर्वीच घेतली. पेट्या आल्या, पण दरवाजे ठरल्याप्रमाणे नव्हते आणि दोन खण बसलेलेच नाहीत. आता तो फोन उचलत नाही. घरात दोन लहान मुले आहेत आणि स्वयंपाक बाल्कनीत चालू आहे.

सातबारा

पारिजातताई, फार वाईट वाटले. आधी लेखी नोटीस पाठवा आणि त्यात काय ठरले होते, काय आले, किती रक्कम दिली हे तारखांसह लिहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. त्याने न भागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. आलेल्या मालाचे फोटो, बँकेतून दिलेल्या पैशांचे उतारे आणि संदेश जपून ठेवा.

इतरांसाठी : रकमेचे हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधावेत आणि शेवटचा किमान १० टक्के भाग सगळे दरवाजे व खण चालवून पाहिल्यावरच द्यावा. दरपत्रकात प्लायची प्रत, बिजागऱ्यांचा व चॅनेलचा मेक आणि लॅमिनेटचा क्रमांक नसेल, तर पुढे दाद मागताना दाखवायला काहीच उरत नाही.

रानजाई

पारिजात, तुम्ही ठाण्याच्या आसपास असाल तर निरोप पाठवा. आमच्या ट्रॉल्या करणारे गृहस्थ अर्धवट राहिलेली कामेही पुरी करून देतात. मात्र सातबारा यांनी सांगितलेले फोटो आधी काढून ठेवा, मगच कोणाला हात लावू द्या.

माजघर

सर्वांचे मनापासून आभार. भाचीने करवत आणि सातबारा यांच्या सूचना एका यादीत घालून तिघांकडेही तीच यादी पाठवली आणि त्यावरच दर मागितले. दोघांचे आकडे आता जवळजवळ सारखे आले आहेत. तिसऱ्याने अजून उत्तर दिलेले नाही. ग्रॅनाइट की क्वार्ट्झ, यात तिने ग्रॅनाइट ठरवले, कारण क्वार्ट्झमध्ये राळ असते आणि गरम कुकर थेट ठेवला तर डाग पडण्याची भीती राहते. एकच प्रश्न उरला आहे. ओटा इंग्रजी एलच्या आकाराचा आहे आणि कोपऱ्यासाठी फिरत्या जाळ्यांचे खूप पैसे सांगितले आहेत. ते घ्यावे का?

मीठभाकर

आम्ही नाही घेतले. त्या पैशांत तीन साध्या ट्रॉल्या झाल्या. कोपऱ्यात एक फळी आणि दरवाजा आहे. पुरणयंत्र, मोदकपात्र आणि सणांची मोठी पातेली तिथे राहतात. ती वर्षातून मोजक्या वेळा निघतात, तेव्हा वाकून काढायला हरकत नाही. भाची रोजच्या वापराची भांडी कोपऱ्यात ठेवणार असेल तरच जाळ्या घ्याव्यात. दोन्ही बाबतींत कोपऱ्यालगतच्या ट्रॉलीची मूठ दुसऱ्या बाजूच्या दरवाजाला अडत नाही ना, हे आराखड्यावर तपासावे. मधे दोनेक इंचांची पट्टी सोडली की दोन्ही नीट उघडतात.