पिल्लू दिसेल ते कुरतडतंय: काय केल्याने थांबतं, काय केल्याने वाढतं

कुत्र्याच्या पिल्लाने चप्पल फाडली, उशीचा कापूस घरभर केला, या गमती सगळ्यांकडे असतात. त्या इथे नकोत. ज्यांनी पिल्लांना वळण लावलंय त्यांनी नेमकं लिहा. कोणत्या वयात काय करायचं, किती वेळ, दिवसातून किती वेळा, आणि उपाय फसतो तो कशामुळे. ‘प्रेमाने समजवा’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

* * *

आधी दातांचं गणित. दुधाचे दात २८, मोठ्या कुत्र्याचे ४२. साधारण साडेतीन-चार महिन्यांचं झालं की पुढचे बारके दात पडायला लागतात, सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात, आणि मागच्या दाढा येऊन सगळं जागेवर बसेपर्यंत सातवा महिना उजाडतो. पडलेले दात सहसा हाती लागत नाहीत, पिल्लू गिळून टाकतं. त्याने काही होत नाही. खेळण्यावर रक्ताचा गुलाबीसर डाग दिसला तरी घाबरायचं कारण नाही.

‘दात आले की आपोआप थांबेल’ यावर विसंबू नका. सातव्या-आठव्या महिन्यानंतर जबड्यात ताकद येते आणि चावण्याचा दुसरा भर सुरू होतो, तो दीड वर्षापर्यंतही चालतो. आधी पायपुसण्याची कड जायची, आता टेबलाचा पाय जातो, एवढाच फरक.

आठवड्यातून एकदा ओठ वर करून आत बघा. नवा सुळा वर आलाय आणि त्याला खेटून दुधाचा बारीक टोकदार सुळा तसाच उभा आहे, अशी जोडी दिसली तर डॉक्टरांना दाखवा. लहान चणीच्या जातींत हे जास्त. दोन दातांच्या फटीत अन्न अडकतं आणि नवा दात वाकडा बसतो. हलवून पाडायला मात्र जाऊ नका, मूळ मोडून आत राहतं.

* * *

कुरतडण्याचं बक्षीस कुरतडण्यातच असतं, हे एकदा ध्यानात आलं की निम्मे घोळ संपतात. तुम्ही ओरडा, दुर्लक्ष करा, काहीही करा. लाकूड दाताखाली करकरलं की पिल्लाला जे हवं ते मिळालेलं असतं. म्हणून शिकवणं दुसरं, आवरणं पहिलं.

जमिनीवर कोपर टेकून खोलीत एक फेरी मारा. उभं राहून न दिसणाऱ्या वस्तू तिथून दिसतात: कपाटाखालचा मोजा, पलंगामागे लोंबणारा चार्जर, गालिच्याचा सुटलेला धागा. वायर केसिंगमध्ये घाला किंवा पिल्लाची मान पोचणार नाही इतकी वर घ्या. चप्पल-बूट दाराआड. रिमोटला ठरलेली उंच जागा.

लक्ष ठेवता येणार नसेल तेव्हा पिल्लू जाळीच्या कुंपणात किंवा क्रेटमध्ये, म्हणजे गजांच्या पिंजऱ्यात. दिवसा क्रेटची ढोबळ मर्यादा म्हणजे वयाचे महिने अधिक एक, इतके तास. तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास हे टोक झालं, रोजचा शिरस्ता नव्हे. आत सोडताना गळपट्टा काढा, गजात अडकून फास बसतो. आणि चप्पल फाडली म्हणून क्रेटमध्ये कोंबलं, असं एकदाही करू नका, नाहीतर उद्यापासून आत जाताना पाय रोवून बसेल.

लक्ष असेल तेव्हा दीड-दोन मीटरचा हलका पट्टा घरातच अंगावर असू द्या, मागे घरंगळत येईल असा. हातात धरायचं कडं कापून टाका, ते खुर्चीच्या पायात अडकतं.

* * *

वस्तू तोंडातून काढून घेण्याबद्दल. इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात: पिल्लाच्या मागे धावतात. पिल्लाच्या दृष्टीने मोजा पळवला की अख्खं घर खेळायला येतं. दुसरी चूक म्हणजे जबडा उघडून बोटं घालणं. तीन-चार वेळा असं झालं की ते वस्तू घट्ट धरून गुरगुरायला लागतं, किंवा पकडायच्या आत गिळून टाकतं. हे दुसरं जास्त महागात पडतं.

‘सोड’ शिकवायचं तर सुरुवात चप्पलेने नाही, पिल्लाला फारशी न आवडणाऱ्या खेळण्याने. खेळणं त्याच्या तोंडात. वाटाण्याएवढा मऊ खाऊ नाकाच्या अगदी समोर धरा. बोलायचं काही नाही. वास आला की नाकपुड्या हलतात, जबडा सैल पडतो आणि खेळणं खाली पडतं. पडताक्षणी खाऊ तोंडात, आणि ते खातंय तोवर खेळणं उचलून परत त्यालाच द्या. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. दिलं म्हणजे कायमचं गेलं नाही, हेच तर शिकवायचंय.

एका वेळी पाच-सहा अदलाबदली, दिवसातून तीनदा. चार-पाच दिवसांनी हात पुढे येताच तोंड सुटायला लागतं. तेव्हा ‘सोड’ हा शब्द आणा, आधी शब्द, मग सेकंदभर थांबून हात. त्यानंतर खाऊ हातात न दाखवता खिशातून. आवडतं खेळणं दुसऱ्या आठवड्यात, मोजा तिसऱ्यात. आधीच घाई केली तर पिल्लू उलटा धडा शिकतं: मोजा उचलला की खाऊ मिळतो. अशी पिल्लं वस्तू आणून समोर उभी राहतात. तसं झालं तर दिवसभरात त्याने आपणहून स्वतःचं खेळणं चघळायला घेतलेलं दिसेल तेव्हा तेव्हा खाऊ द्या. हिशोब पुन्हा ताळ्यावर येतो.

* * *

खेळण्याची निवड नखाने करा. अंगठ्याचं नख दाबल्यावर ठसा उमटला पाहिजे. उमटत नसेल तर ती वस्तू दाताहून कडक धरा. शिंग, खूर, वाळकं हाड, कडक नायलॉन, सगळं यात नापास. वरच्या जबड्यातल्या सर्वांत मोठ्या दाढेचा कपचा उडतो आणि आतली नस उघडी पडते. शिजवलेलं हाड तर नकोच, त्याच्या सुया होतात.

आकार असा की अख्खं खेळणं दाढांच्या मागे जाऊच शकणार नाही. पिल्लू वाढलं की खेळणंही मोठं घ्या, चौथ्या महिन्यातला चेंडू आठव्या महिन्यात घशात अडकू शकतो. पोकळ रबरी खेळण्याला दोन भोकं हवीत. एकच असेल तर आत निर्वात पोकळी तयार होऊन जीभ खेचली जाते, सुजते, निघत नाही.

दोरीचं खेळणं ओढाओढीपुरतं, तुमच्या हातात. झालं की उचलून ठेवा. आणि जुनी चप्पल ‘खेळायला’ देणं हा शुद्ध वेडेपणा आहे. जुनी कोणती, नवी कोणती हे पिल्लाने कशावरून ओळखायचं?

आठ-दहा खेळणी असतील तर बाहेर तीनच. दर दोन-तीन दिवसांनी बदला. सगळी एकदम पसरली की आठवड्यात शिळी होतात.

* * *

हिरड्यांना थंडावा हवा असतो. सुती फडकं भिजवून पिळा, सैल पीळ घालून गाठ मारा, दोन तास फ्रीझरमध्ये. दहा-पंधरा मिनिटं तुमच्या समोर चघळू द्या. धागे सुटायला लागले की फडकं बाद.

रबरी खेळण्यात भरायला रोजचंच खाणं वापरा. दिवसाच्या कोरड्या खाण्यातला एक तृतीयांश भाग बाजूला काढा, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, बोटाने कुस्करून भरा. पहिल्या दिवशी गोठवू नका. पहिल्यांदा कोरडे दाणेच, हलवलं की पडतील असे. जमलं की भिजवलेलं. ते पाच मिनिटांत फस्त व्हायला लागलं की मग रात्रभर गोठवलेलं. थेट गोठवलेलं दिलं तर पिल्लू दोन मिनिटं चाटतं, काही हाती लागत नाही, आणि पुन्हा सोफ्याकडे वळतं. मग लोक म्हणतात, आमच्याकडे हे चालत नाही.

भरणात शेंगदाण्याचं बटर घालत असाल तर डबीवरचे घटक वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विष आहे. रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतही जाऊ शकतं.

* * *

बर्फाच्या खड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: पातळ चुरा चालेल, मोठा घट्ट खडा नको. वरची नखाची कसोटी बर्फालाही लावा.

* * *

पिल्लाने चावू नये म्हणून वस्तूंवर मारतात त्या कडू फवाऱ्याची बाजू मांडतो, कारण ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांनी तो बहुधा एकदाच मारलेला असतो. यातल्या बऱ्याच फवाऱ्यांत डेनाटोनियम असतं, अतिशय कडू. पण पिल्लाला आधी चव आणि वास यांची सांगड घालून द्यावी लागते. कापसाच्या बोळ्यावर दोन फवारे मारा, बोळा ओठाला लावा, हातातून सोडू नका. ते तोंड वेडंवाकडं करून मागे सरकेल. आता तोच वास खुर्चीच्या पायाला आला की चव आठवते. दिवसातून एकदा-दोनदा नव्याने मारायचा, दोन ते चार आठवडे न चुकता. लाकडाच्या पॉलिशवर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात मारून डाग पडतो का बघा. प्लग आणि बोर्डवर अजिबात नाही. तिखट चोळणं हा उपाय नव्हे, पंजाने तोंड पुसताना ते डोळ्यांत जातं.

काही पिल्लांना कडूचं काहीच वाटत नाही, हेही खरं. तीन दिवसांत फरक नसेल तर बाटली ठेवून द्या.

* * *

फवारा हा कुंपणाच्या मदतीला असतो, कुंपणाऐवजी नाही. एवढंच.

* * *

संध्याकाळी पिल्लाच्या अंगात येतं, पायघोळ कपड्यांना लोंबकळतं, जे दिसेल ते चावतं. लोक म्हणतात व्यायाम कमी पडला आणि आणखी पळवतात. बहुतेक वेळा झोप कमी पडलेली असते. लहान पिल्लू दिवसाला १८ ते २० तास झोपतं. घरात वर्दळ असेल तर दिवसभराच्या डुलक्या मोडतात आणि सातच्या सुमाराला किरकिर सुरू होते, दमलेल्या लहान मुलासारखी. तासभर जाग, मग दीड-दोन तास कुंपणात, दिवा मंद, जवळ एक चघळायचं खेळणं. आधी दहा मिनिटं कुरकुरेल.

जागेपणीच्या तासात पळवण्यापेक्षा हुंगायला लावा. टॉवेल पसरून त्यावर मूठभर दाणे टाका, गुंडाळी करा, सोडवू द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि मध्ये दाणे. आधी खोक्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढा. पुठ्ठा फाडला तर फाडू दे, गिळायला लागलं तर खोकं बंद.

* * *

घरी आल्यावर फाटलेली उशी नाकाशी नेऊन रागावणाऱ्यांसाठी. तुम्ही रागावताय ते तासाभरापूर्वीच्या उशीवर. पिल्लाला कळतं ते एवढंच, की तुम्ही दारातून आलात आणि भडकलात. कान पाडून, नजर चुकवून बसलेलं दिसतं ते अपराधी वाटून नव्हे. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासलं. तो चेहरा मालकाच्या रागावण्यावर ठरत होता, कुत्र्याने खरंच काही केलंय का यावर नाही.

* * *

एकटं असतानाच सगळं होत असेल तर फोन रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. कंटाळलेलं पिल्लू आधी झोपतं, मग उठून जे सापडेल ते चघळतं, मधेच सोडून देतं. भेदरलेलं पिल्लू तुम्ही गेल्यावर सहसा अर्ध्या तासाच्या आतच सुरू होतं, आणि नुकसान दाराच्या चौकटीला, खिडकीच्या कडेला असतं; सोबत लाळ, रडणं, येरझाऱ्या, आणि खाऊने भरलेलं खेळणं जसंच्या तसं पडलेलं. दुसऱ्या प्रकारात वरचे उपाय पुरणार नाहीत. क्रेटमध्ये कोंडलं तर गजावर दात मोडून घेतं. तिथे एकटं राहण्याची सवय काही सेकंदांपासून लावावी लागते, तीही डॉक्टरांच्या मदतीने.

* * *

दवाखान्यात कधी पळायचं ते लिहून ठेवतो.

वायर चावली: आधी मेन स्विच बंद, मगच पिल्लाला हात. तोंडात भाजल्याची छोटी पांढरट खूण असली आणि पिल्लू ठीक वाटलं तरी दाखवा. फुप्फुसात पाणी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही भरतं.

बटण सेल चावला किंवा गिळला: लगेच निघा, उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजणं तर कधीच नाही.

दोरा, मोजा, दोरीचा तुकडा गिळला: वारंवार उलट्या, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं, यातलं काही दिसेपर्यंत थांबू नका. गुदद्वारातून किंवा जिभेखालून दोरा दिसला तर ओढायचा नाही. दुसरं टोक आत अडकलेलं असतं आणि आतडं चुणीसारखं गोळा होऊन कापलं जातं.

हिरड्या दुखतात म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी किंवा बाळांचं हिरड्यांना लावायचं जेल देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही घातक.

* * *

मोकळीक कधी द्यायची हे राहिलं. लागोपाठ दोन आठवडे कुंपणाबाहेर देखरेखीखाली एकही वस्तू गेली नाही, तर एक खोली, पंधरा मिनिटं, तुम्ही शेजारच्या खोलीत. मग अर्धा तास, मग तास. काही फाटलं तर ओरडू नका, एक पायरी मागे या आणि तिथे आणखी आठवडा काढा. सोफ्याची खोली सगळ्यात शेवटी.