क्लॅरिनेटची नवी रीड लगेच फुसकी होते, नंबर वाढवू का?

काळीनळी:
अडीच नंबरची रीड (माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर, बसवायची पातळ पट्टी) वापरतो. नवीन काढली की झकास वाजते म्हणून त्याच दिवशी तास-दीड तास रियाज होतो, आणि मग लगेचच आवाज फुसका, वरचे सूर चिरके. तोंडात धरून ओली करतो, वाजवून झालं की तशीच माउथपीसवर ठेवून टोपी लावतो. तीन नंबर घेऊ का?

खर्जवाला:
नंबर राहू दे बाजूला. नंबर म्हणजे फक्त कडकपणा, त्याने रीड जास्त टिकत नाही, शिवाय एका कंपनीचा तीन दुसरीच्या तीनसारखा असेलच असं नाही. रीड असते अरुंडो डोनॅक्सची, म्हणजे बोरूसारखं उंच गवत, आत बारीक नळ्याच नळ्या. नवी असताना त्या पाणी पितात आणि तू पहिल्याच दिवशी तिला तासभर भिजवतोस, मग फुगणार आणि वाळताना वाकणारच ना. साध्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडव (लाळेपेक्षा पाणी बरं), पाच-दहा मिनिटं मधल्या सप्तकात हळू वाजव, पुसून ठेव. रोज थोडं थोडं वाढव. आणि एकाच रीडवर मरू नकोस, तीन-चार आलटून पालटून वाजव.

उगाचकाहीतरी:
+१. रीडची पाठ पण बघ, म्हणजे माउथपीसला टेकणारी सपाट बाजू. सपाट काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने दोन-चारदा फिरव, जिथे घासल्याची खूण उमटत नाही तिथे खोलगट आहे असं समज. टोक पेपरच्या बाहेर राहू दे, ते जेमतेम ०.१ मिमी असतं, गेलं की गेलं. मग माउथपीसचं मागचं भोक तळव्याने बंद करून पुढून हवा ओढ, क्षणभर धरून मग टक्कन सुटली तर रीड नीट बसलीये, लगेच सुटली तर कुठूनतरी हवा जातेय.

काळीनळी:
आणि टोपीचं काय? काढली की टोकाला लाटा दिसतात.

खर्जवाला:
ओली रीड टोपीखाली कोंडली की असंच होतं, बुरशी धरते ती वेगळीच. काढून पुसायची आणि काच असलेल्या रीड केसमध्ये सपाट ठेवायची. आत्ता आलेल्या लाटा पाण्यात भिजवून अंगठ्याने माउथपीसवर दाबल्या की बसतात. काळे ठिपके आले असतील तर मात्र सरळ फेकून दे, ती तोंडात घालायची वस्तू आहे बाबा.