२०२६ मध्ये आपली ताकद कुठे लावायची? स्मृतिदिन, दावा, शाळा की जनगणना?

शहापूरकर

नवं कॅलेंडर भिंतीला लागायच्या आधीच सीमाभागातल्या मराठी माणसाला त्यातल्या तीन तारखा पाठ असतात. १७ जानेवारी, १ जून आणि १ नोव्हेंबर. २०२६ मध्ये बेळगाव-निपाणीच्या गोळीबाराला ७० वर्षं होतात, कन्नडसक्तीविरुद्धच्या हिंडलग्याच्या आंदोलनाला ४० आणि आपल्याला न विचारता तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातलं त्यालाही ७०. शिवाय मे १९४६ मध्ये आपल्याच बेळगावात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्याला ८० वर्षं होतील.

म्हणजे येत्या वर्षी सभा, फेऱ्या आणि अभिवादनं भरपूर होणार. ती व्हायलाच हवीत. पण माझं स्पष्ट मत आहे की या वर्षी महाराष्ट्र एकीकरण समितीने, युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनी बहुतेक ताकद दोनच कामांत घालावी: मराठी शाळेतले पहिलीचे प्रवेश आणि जनगणना.

एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये घरांची यादी होणार, फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी. २०११ नंतर भाषेचा एकही नवा आकडा आलेला नाही. त्या वेळी बेळगाव जिल्ह्यात मराठी सुमारे १९ टक्के होती, आणि तोच आकडा तोंडावर फेकून "तुम्ही आहातच किती" असं आपल्याला ऐकवतात. पण भाषिक अल्पसंख्याकांचा हिशोब अख्ख्या जिल्ह्यावरच करायचा असं कुठेही नाही. १९५६ मध्ये केंद्राने जे निवेदन काढलं त्यात तालुका किंवा नगरपालिकेसारखा छोटा भागही धरला आहे. तिथे १५ ते २० टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही द्यावेत, असं त्यात म्हटलं आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांत आपण त्याच्या कितीतरी वर आहोत. तरी कचेरीत गेलं की कन्नड कागद हातात पडतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याचं जातनिहाय सर्वेक्षण झालं, तेव्हा आमच्या गल्लीत काय घडलं ते सांगतो. एक बाई आल्या, दारावरच्या स्टिकरचा नंबर मोबाईलमध्ये घातला आणि ६० प्रश्न सुरू केले. शेजारच्या आजी जात-पोटजात अगदी तयारीने सांगत होत्या, कारण समाजाच्या बैठकांत ते सांगून ठेवलेलं. मातृभाषेचा प्रश्न आला तेव्हा म्हणाल्या, "लिवा की कायबी, सगळंच येतंय आमाला." बाईंनी काहीतरी टिपलं आणि पुढच्या प्रश्नाला गेल्या. काय टिपलं ते त्या घरात कुणालाच ठाऊक नाही.

हे फेब्रुवारी २०२७ मध्ये पुन्हा होता कामा नये. त्याची तयारी २०२६ मध्येच करावी लागेल. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथली साहित्य संमेलनं आहेत, वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आहे, गणपती आहेत. सगळीकडे हा विषय न्यावा. आणि यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. लग्नं थांबतील, माणसं घरात सापडतील. तेव्हा शाळेसाठी दारोदार फिरता येईल.

हिंडलग्याचा सत्याग्रही

तळमळ कळते, पण तुम्ही गाडा उलटा जुंपताय. हा भाग महाराष्ट्रात यावा हा आपला दावा १९५१ च्या जनगणनेवर उभा आहे, २०२७ च्या नव्हे. खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. पाटसकरांनी आंध्र आणि मद्रासची हद्द ज्या सूत्राने ठरवली तेच आम्हाला लावा, एवढंच आपलं मागणं. सत्तर वर्षं इथे कन्नडची सक्ती केली, वर बेळगावात कर्नाटकचं दुसरं विधानभवन, सुवर्ण विधानसौध, बांधलं, आणि आता होणारी मोजणी आपणच डोक्यावर घ्यायची? आकडा कमी भरला तर समोरचा वकील तोच वाचून दाखवेल. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. येत्या वर्षाचं पहिलं काम म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या पाठी लागून तो पुढे सरकवणं.

दुसरी गोष्ट. ८६ सालच्या त्या जमावात मी होतो. त्या आंदोलनात नऊ माणसं गेली. आज १ जूनला स्मारकावर येणाऱ्यांत पिकल्या केसांचेच जास्त दिसतात. ज्या पोराला तिथे कोण पडलं आणि कशासाठी पडलं ते ठाऊक नाही, तो मोजणीवाल्याला मराठी तरी कशासाठी सांगेल? आधी त्याला तिथे आणा.

निपाणीकर

काका, दाव्याचं बरोबर. पण दावा दिल्लीत चालतो आणि आम्ही राहतो इथे. सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं. बेळगाव सोडून ती घेणं महाराष्ट्राला मान्य नव्हतं आणि ते योग्यच होतं. त्याला आता साठ वर्षं होत आली.

दोघांकडूनही सुटलेली एक गोष्ट: ग्रामपंचायती. डिसेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपत आली आहे. २०१८ आणि २०२३, दोन्ही विधानसभांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. निदान ग्रामपंचायतीत तरी एका वॉर्डात आपलेच तीन उमेदवार एकमेकांसमोर उभे राहू नयेत. गावचा ठराव मराठीत लिहायचा की नाही, हे तिथेच ठरतं.

उद्यमबाग

मूळ लेखाला माझा विरोध आहे. शाळेच्या मुद्द्याला तर सरळ विरोध.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. सरकारी भरतीचे फॉर्म भरले, तेव्हा सक्तीच्या कन्नड पेपरला अडकलो. आज फाउंड्रीत मशीनवर आहे. कामाची लाज नाही, पण जे दार माझ्यासाठी बंद झालं ते माझ्या मुलीसाठी मी बंद ठेवणार नाही. तिला इंग्रजी माध्यमात घातलंय, कन्नड नीट शिकवतोय. घरात ती मराठी बोलते, वाचते. मग मी कमी मराठी कसा?

आणि अधिक महिन्यात दारोदार फिरणार म्हणता? खाजगी शाळांचे प्रवेश जानेवारीपासून भरायला लागतात. मे उजाडेपर्यंत फी, गणवेश आणि व्हॅन, सगळ्याचे पैसे देऊन झालेले असतात. १ जूनला भाषणात "मराठी शाळा वाचवा" म्हणणाऱ्या पुढाऱ्यांची नातवंडं कुठल्या शाळेत जातात, ते गावागावाला माहीत आहे. आधी त्यांना विचारा.

शाळेच्या बाई, खानापूर

दादा, तुमचा राग खरा आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मराठी शाळेत कन्नड विषय आहेच, तो नीट शिकवायला माणूस नसतो ही खरी अडचण. कणकुंबी-जांबोटीकडच्या रानातल्या शाळांत एक-दोन शिक्षकांवर सगळे वर्ग चालतात. पट घसरला की त्यातलाही एक उचलून दुसरीकडे देतात. मग कन्नड कच्चं राहतं, पालक म्हणतात शाळा बरी नाही, आणि पुढच्या जूनला पट आणखी खाली येतो. तुम्हाला जे अडलं ते मराठी माध्यमामुळे अडलं नाही, शिक्षक न दिल्यामुळे अडलं. शाळा सुधारणा समितीत बसून कन्नडच्या शिक्षकासाठी भांडणारा पालक मला हवा आहे. मराठी माणूस कन्नडचा शिक्षक मागतोय, याला कोण नाही म्हणेल?

आणखी एक. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांसाठी सीमाभागाचे उमेदवार म्हणून तरतूद आहे. त्यासाठी मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. इंग्रजी माध्यमात घाला नाहीतर कुठेही, पण शाळेच्या रजिस्टरात मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय ते एकदा तरी जाऊन बघा. बरेच पालक फॉर्म भरायची वेळ आली की धावत येतात.

शहापूरकर, जनगणनेबद्दल थोडं सांगते, कारण मोजायला आम्हालाच धाडणार. घरांच्या यादीच्या वेळी भाषा विचारत नाहीत. तिथे घर, पाणी, संडास, वीज असलेच प्रश्न. भाषेचा प्रश्न माणसांच्या मोजणीत असतो. २०११ ला मातृभाषा विचारून झाल्यावर येणाऱ्या आणखी दोन भाषाही लिहून घ्यायचो. तुमच्या शेजारच्या आजींना हेच समजावून सांगा. मराठी सांगितली म्हणून त्यांचं कन्नड पुसलं जात नाही, त्याला पुढे जागा आहे. आणि मातृभाषा म्हणजे माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी जी भाषा बोलली ती. ज्याचं उत्तर त्याने द्यायचं, आम्ही ते तसंच टिपायचं.

अनगोळच्या काकू

बाईंनी सांगितलं ते वाचून लिहिते. माझा लेक मराठी, सून गोकाककडची. ती नातवाशी कन्नड बोलते, आम्ही मराठी. पोरगं दोन्हीकडे गोड बोलतं. मग त्याच्यापुढे काय लिहायचं? तुमच्या मोहिमेतली पोरं दारात येऊन सुनेला "मराठीच सांगा" म्हणाली, तर मी त्यांना उंबऱ्यावरूनच परत लावीन. लग्न करून आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आज ती माझ्यासंगं हरिपाठाला बसते. तिला तिची भाषा टाक म्हणून मी सांगणार नाही, दुसऱ्या कुणाला सांगू देणार नाही.

शहापूरकर

काकू, तुमच्या सुनेपुढे कन्नडच लागलं पाहिजे आणि नातवाचं तिने सांगायचं. खोटी नोंद आम्हाला नकोच आहे. ज्यांची मराठी आहे त्यांची तरी मराठी लागावी, एवढंच म्हणतोय. वडगाव-शहापूरच्या मागावरची किती घरं घरात मराठी बोलतात आणि सरकारी माणूस दारात आला की कन्नडात उत्तरं देतात. त्या घरांबद्दल मी बोलतोय.

बाई, घरयादीत भाषा नाही हे तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, म्हणजे समजावायला वर्षभर हातात आहे. उद्यमबाग, जानेवारीचं तुमचं म्हणणं मला पटलं. मे फार उशीर होतो. मग सुरुवात १७ जानेवारीलाच करू. शनिवार आहे. सकाळी हुतात्मा चौकात अभिवादन करायचं आणि तिथूनच गटागटाने पहिलीच्या वयाची मुलं असलेल्या घरांत जायचं. ७० व्या वर्षी त्या दिवसाला याहून चांगलं काम कुठलं?

हिंडलग्याचा सत्याग्रही

काकूंचं म्हणणं मला मान्य. आपल्यावर जी सक्ती झाली ती आपण दुसऱ्याच्या सुनेवर करायची नाही.

जनगणनेबद्दल माझी शंका कायम आहे. आकडा चांगला आला तर समोरचे दाबतील, वाईट आला तर नाचवतील. लोकांना समजावून सांगा, त्याला माझी ना नाही. पण समितीच्या व्यासपीठावरून "आमचा आकडा बघा" म्हणायला लागलात, की १९५१ चा पाया आपणच सोडला असा अर्थ निघेल. हे वकिलांना विचारल्याशिवाय करू नका.

१७ जानेवारीला मात्र दारोदार फिरणं नको. त्या दिवशी निपाणीच्या कमळाबाई मोहिते गेल्या, इथे मारुती बेन्नाळकर गेले. तो दिवस त्यांचाच राहू दे. दुसऱ्या दिवशी रविवार आहे. १८ ला फिरा. कंग्राळीकडे जाणाऱ्या गटात माझं नाव घाला, गुडघे दुखतात पण सकाळी चालवतं.

निपाणीकर

१८ ठीक आहे. निपाणीत आम्ही त्याच दिवशी करू. फक्त त्या गटांत ग्रामपंचायतीला उभं राहू इच्छिणाऱ्यांनी आपला प्रचार करायचा नाही, हे आधी ठरवून घ्या. नाहीतर पहिल्याच गल्लीत लोक दार लावून घेतील.

शाळेच्या बाई, खानापूर

येणाऱ्यांनी शाळेबद्दल खरं तेच सांगावं. शिक्षक दोन असतील तर दोनच सांगा. पालक जूनमध्ये येऊन बघतातच.

उद्यमबाग

बाई, रजिस्टरातली मातृभाषा मी या आठवड्यात जाऊन बघतो, ते माहीत नव्हतं. कन्नडच्या शिक्षकासाठी अर्ज करणार असाल तर माजी विद्यार्थी म्हणून माझी सही घ्या, आमच्या बॅचच्या आणखी सह्या आणून देतो. १८ ला आमच्या गल्लीत आलात तर घरी या, चहा घेऊन जा. मुलीचा दाखला मात्र मी तिथून काढणार नाही, ते आताच सांगून ठेवतो.