बर्फ सोडून उबदार प्रदेशात जायचं म्हणतोय, नेमकं काय तपासावं?

फावडेबहाद्दर

नमस्कार मंडळी,
वर्षाचे साडेचार-पाच महिने बर्फ, पारा उणे १५-२० पर्यंत. घरात दोघंच, दोघंही साठीच्या आसपास. फावडं आता झेपत नाही, म्हणून उबदार ठिकाणी कायमचं जायचा विचार आहे. दोन पर्याय समोर आहेत:

(अ) कोरडा प्रदेश. उन्हाळ्यात दुपारी ४२, रात्री २४-२५. हिवाळ्यात रात्री ६-८.
(आ) समुद्राकाठ. पारा ३३ च्या वर क्वचितच जातो, पण हवा दमट. हिवाळ्यातही रात्री १८-२०.

आकडे बघून (आ) सरळ सोपा वाटतो. हिशोब बरोबर आहे का? घर, सामान, गाडी यांचं काय बघायचं? एकाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. "आमच्याकडे या, मस्त आहे" छापाचे प्रतिसाद नकोत, मोजमापं हवीत.

दवबिंदू

हिशोब चुकतोय, कारण तुम्ही चुकीचा आकडा बघताय. अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसत्या घाम येण्याने नाही. घाम किती वाळेल हे हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर ठरतं. म्हणून कमाल तापमान बाजूला ठेवा आणि दवबिंदूचं तापमान शोधा, म्हणजे हवा जितकी गार केल्यावर तिच्यातलं बाष्प दव होऊन बसायला लागतं ते तापमान. हवामानाच्या नोंदींत ते मिळतं. ढोबळमानाने १६ च्या खाली असेल तर हवा सुखाची, १८-२० ला चिकचिक सुरू, २१ च्या पुढे त्रास आणि २४ च्या पुढे बसल्या जागी घामाच्या धारा.

तुमचेच दोन पर्याय घेऊ. (आ) मध्ये ३३ अंश आणि दवबिंदू २६ धरला, तर आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास येते. (अ) मध्ये ४२ अंश आणि दवबिंदू १० धरला, तर आर्द्रता १५ टक्के. आता थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर पारा जिथवर उतरेल ते ओल्या फुग्याचं तापमान. (आ) मध्ये ते २८ च्या आसपास थांबतं, (अ) मध्ये २२ पर्यंत उतरतं. म्हणजे नऊ अंशांनी 'गार' असलेली जागा घामाच्या हिशोबात सहा अंशांनी जास्त गरम निघाली.

याचा अर्थ (अ) निर्धोक असा मात्र नाही. तिथे घाम लगेच वाळतो, त्यामुळे पाणी किती गेलं ते कळत नाही. शिवाय ४० च्या वर कोरड्या अंगावर पंखा सोडणं म्हणजे भट्टीची हवा अंगावर घेणं. पंखा लावायचा तर त्वचा ओली हवी.

पुढचा आकडा रात्रीच्या किमान तापमानाचा. दिवस कसाही काढता येतो, पण रात्री खोली निवली नाही तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. सरासरीवर जाऊ नका. १९९१-२०२० च्या तीस वर्षांच्या नोंदींत रात्रीचा पारा २५ च्या खाली आलाच नाही अशा रात्री वर्षाला किती, ते मोजा. ८ आणि ८० मध्ये फार फरक आहे.

आणि (अ) चा हिवाळा हसण्यावारी नेऊ नका. बर्फाच्या मुलखात घराला जाड इन्सुलेशन, दुहेरी-तिहेरी काचा आणि हीटिंग असतं. उबदार मुलखातल्या बऱ्याच घरांत यातलं काहीच नसतं: एकेरी काच, फरशी, खिडक्यांच्या फटी. बाहेर रात्री ७ अंश, की पहाटे घरात १३-१४. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश सुचवते. बर्फातून आलेली माणसं अशा घरांत पहिल्यांदा कुडकुडतात.

नाडीपरीक्षा

वरचा प्रतिसाद नेमका आहे. मी फक्त शरीरापुरतं लिहितो.

उष्णतेची सवय साधारण ७ ते १४ दिवसांत लागते. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण त्यासाठी रोज थोडा वेळ उष्णतेत हालचाल हवी. दिवसभर एसीत बसलात तर ती सवय लागणारच नाही. लागलेली सवयही उष्णतेबाहेर राहिलात तर तीन-चार आठवड्यांत ओसरते. म्हणून भर उन्हाळ्यात सामान हलवू नका. उन्हाळा संपताना जा, म्हणजे पुढचा उन्हाळा पायरीपायरीने अंगावर येईल.

रक्तदाबाचं: उष्णतेत त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दाब खाली येतो. थंडीत ठरवलेला डोस तिथे जास्त पडू शकतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी आणि सोडियम दोन्ही घसरतात, आणि बीटा-ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी गोळी) असेल तर उष्णतेत हृदयाचे ठोके हवे तेवढे वाढत नाहीत. निघण्याआधी दोन आठवडे आणि पोचल्यावर चार आठवडे सकाळ-संध्याकाळ दाब लिहून ठेवा: एकदा पाच मिनिटं बसून, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत. उभं राहताच वरचा आकडा २० ने पडला तर डॉक्टरांना कळवा. गोळी स्वतःहून कमी करायची नाही.

उष्माघात म्हणजे अंगाचं तापमान ४० च्या पुढे आणि बोलण्या-वागण्यात गोंधळ. "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हे चूक आहे. अशा वेळी आधी पाण्याने भिजवून वारा घालायचा, रुग्णवाहिका बोलवायची, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

आता फावड्याबद्दल, कारण त्याची भीती खरी आहे. २० मीटर लांब, ३ मीटर रुंद वाटेवर १० सेंमी ताजा बर्फ म्हणजे ६ घनमीटर. घनमीटरला १०० किलो धरले तरी ६०० किलो, आणि ओला बर्फ त्याच्या दुप्पट-तिप्पट भरतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, उचलताना श्वास रोखला जातो, आणि हे सगळं सकाळी उठल्या उठल्या. हृदयाला यापेक्षा वाईट मिश्रण सापडणं कठीण.

उलटतपासणी

मग बर्फ काढायला माणूस लावा की! दुखणं फावड्याचं आणि औषध घर बदलायचं? आधी एक वही करा आणि हिवाळ्यातल्या तक्रारी वेगवेगळ्या लिहा: कष्ट, निसरड्यावर पडायची भीती, अंधार, एकटेपणा. पहिल्या दोन पैसे देऊन सुटतात. अंधार सुटत नाही, त्याला अक्षांश बदलावा लागतो. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस ६० अंश उत्तरेला सहा तासांपेक्षा थोडा कमी, ४५ ला पावणेनऊ तास, ३० ला दहा तासांच्या थोडा वर. हिवाळ्यात मन बसत असेल तर सकाळी १०,००० लक्स प्रखरतेच्या दिव्यासमोर अर्धा तास हा प्रयोग आधी करून बघा. तेवढ्याने भागलं तर निम्मा प्रश्न मिटला.

रंधा

सामान आणि घर.

हीटिंग चालू असलेल्या घरात हिवाळ्यात आर्द्रता २५ टक्क्यांवर येते आणि लाकडातला ओलावा ५-६ टक्के राहतो. (आ) मध्ये आर्द्रता ८० टक्के, तिथे तेच लाकूड १५-१६ टक्क्यांवर जाऊन थांबतं. लाकूड लांबीत फुगत नाही, रुंदीत फुगतं. टेबलाचा एक मीटर रुंदीचा सागवानी किंवा ओकचा अखंड पाट दोन-तीन सेंटिमीटर वाढू शकतो. खाली आडव्या पट्टीला स्क्रूने घट्ट आवळलेला असेल तर जागा न मिळाल्याने पाट वाकतो किंवा सांधा उखडतो. हलवण्याआधी टेबल उलटं करून त्या पट्टीची स्क्रूची भोकं लांबट करून घ्या, म्हणजे स्क्रू सरकेल. ड्रॉवर अडकले तर लगेच रंधा मारायला धावू नका. एक पूर्ण वर्ष जाऊ द्या. कोरड्या महिन्यांत ते परत सैल होतात आणि रंधा मारलेला असेल तर मग फट दिसते. पार्टिकल बोर्डचं कपाट नेऊच नका, एकदा फुगलं की मूळ जाडीवर येत नाही.

घर घेताना किंवा दुरुस्त करताना सर्वांत महागाची चूक भिंतीत होते. थंड मुलखात बाष्प घरातून बाहेर जातं, म्हणून प्लास्टिकचा पडदा भिंतीच्या आतल्या बाजूला असतो. दमट उष्ण मुलखात एसी चालू असताना बाष्प बाहेरून आत येतं. तिथे जुन्या सवयीने आत प्लास्टिक किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर लावलात तर बाष्प त्याच्या मागे गार होऊन ठिबकतं. वरून भिंत चकाचक, आणि वर्षभराने कोपरा सोलला की मागे काळी बुरशी.

एसी "असू दे मोठा" म्हणून घेऊ नका. एक टन म्हणजे गार करण्याची साडेतीन किलोवॉट क्षमता. खोलीला एक पुरत असताना दोन टनाचा लावला तर पाच मिनिटांत खोली गार करून तो बंद पडतो. हवेतलं पाणी काढायला कॉइल सलग गार राहावी लागते, तेवढा तो चालतच नाही. मग २३ अंशांत अंथरूण सर्द. साध्या आर्द्रतामापकाने घर ६० टक्क्यांच्या खाली आहे ना, ते बघत राहा. लोकरीचे कपडे धुऊन, कडक वाळवून, हवाबंद पेटीत. कसर मळलेल्या लोकरीला आधी लागते.

वाळवी: घर घेण्याआधी जोत्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसतात का, ते टॉर्च घेऊन स्वतः बघा.

स्टेपनी

गाडीचं थोडक्यात.
हिवाळी टायर ७ अंशांच्या खालच्या थंडीसाठी असतात. तापलेल्या रस्त्यावर भराभर झिजतात आणि ब्रेकही लांब लागतो, तेव्हा बदलाच. तापमान साडेपाच अंशांनी चढलं की टायरमध्ये साधारण १ पीएसआय वाढतो. उणे १५ ला ३२ भरलेला टायर ३५ अंशांत ४१ दाखवेल. वाटेत दाब बघा, पण सकाळी, टायर गार असताना.
बॅटरी थंडीत दुबळी पडते, उणे १८ ला ताकद निम्म्यावर येते, पण तिचं आयुष्य खाते उष्णता. तीन-चार वर्षं जुनी असेल तर पहिल्या उन्हाळ्याआधी तपासून घ्या.
कूलंट काढून नुसतं पाणी भरू नका. कूलंट आणि पाण्याच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्याहून जास्त असतो आणि गंजरोधकही त्यातच असतं.
रस्त्यावरचं मीठ गाडीखाली साचलेलं असतं. ते उबदार दमट हवेत जास्त जोमाने गंजवतं. निघण्याआधी खालून भरपूर पाण्याने धुवा, दारांच्या खालच्या निचऱ्याच्या भोकांसकट.

फावडेबहाद्दर

सगळ्यांचे आभार. (आ) चा उत्साह बराच उतरला. वही केली, त्यात कष्ट आणि अंधार हे दोनच उरले. आता तिसरा पर्याय सुचतोय: घर न विकता पहिली एक-दोन वर्षं फक्त हिवाळ्याचे चार महिने (अ) ला जायचं. रिकाम्या घराचे पाइप फुटू नयेत म्हणून काय करायचं?

दवबिंदू

चांगला बेत, पण त्यात एक फसवणूक आहे. हिवाळ्यात (अ) छानच वाटणार. कायमचं ठरवण्याआधी तिथल्या सर्वांत वाईट महिन्यात तीन आठवडे भाड्याच्या घरात राहा, हॉटेलात नको. बाजार, स्वयंपाक, कपडे सगळं स्वतः करा.

कुलूपकिल्ली

पाणी गोठताना ९ टक्के प्रसरण पावतं, आणि चिरलेला पाइप बर्फ वितळल्यावर वाहायला लागतो. म्हणून घर १२-१३ अंशांवर गरम ठेवणार असलात तरी मुख्य व्हॉल्व्ह बंद करूनच जा. वीज गेली आणि पाइप फुटला तरी पाइपात उरलेलं तेवढंच पाणी सांडेल. हीटिंग रेडिएटरचं असेल तर बॉयलरला पाणी आपोआप भरणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचं काय करायचं ते तंत्रज्ञाला विचारूनच मुख्य व्हॉल्व्हला हात लावा.

हीटिंग पूर्ण बंद करणार असाल तर क्रम असा. आधी गीझरची वीज किंवा गॅस बंद, कारण टाकी रिकामी असताना एलिमेंट चालू राहिलं तर जळतं. मग मुख्य व्हॉल्व्ह बंद. वरच्या मजल्यापासून खालपर्यंत सगळे नळ उघडे, गरम-गार दोन्ही. फ्लश ओढून टाकी रिकामी. गीझर खालच्या तोटीतून उपसा. आडव्या पाइपांत पाणी राहतंच, ते कमी दाबाच्या कॉम्प्रेसरने फुंकून काढा. शेवटी प्रत्येक सिंकखालच्या पाणी धरणाऱ्या वळणात आणि न्हाणीच्या जाळीत कपभर, कमोडमध्ये लिटरभर प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ ओता. गाडीचं कूलंट वापरू नका, ते विषारी असतं. वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरच्या पंपात पाणी उरतं, हे हमखास विसरलं जातं.

रेडिएटरमधलं पाणी वेगळं फिरतं. त्यात ग्लायकॉल नसेल तर हीटिंग बंद करण्याआधी तेही उपसावं लागेल. फ्रिज रिकामा करून दाराला काहीतरी अडकवून उघडा ठेवा. आणि घराची किल्ली कुणाकडे तरी देऊन जा: छपरावरचा बर्फ बघायला माणूस लागतोच, शिवाय बऱ्याच विमा पॉलिसींत रिकामं घर ठराविक दिवसांनी कुणी पाहून गेलं पाहिजे अशी अट असते. किती दिवसांनी, ते आपल्या पॉलिसीत वाचा आणि त्या माणसाला प्रत्येक फेरीत थर्मामीटरचा तारखेसह फोटो काढायला सांगा.